मलिक अंबर : स्तुतीने झालेला संकोच

मलिक अंबराविषयी सामान्यतः जे सांगितले जाते ते तीन वाक्यांत आटोपते : त्याने १६१० मध्ये खडकी हे राजधानीचे नगर केले, तेथे नहर आणली आणि गनिमी काव्याने मोगलांस जेरीस आणले. तिन्ही विधाने खरी आहेत. म्हणूनच ती तपासून पाहण्याचे कष्ट कोणी घेत नाही.

जहांगीराने केलेली निंदा तितकी घातक ठरली नाही. अबुल हसनने रेखाटलेल्या प्रसिद्ध चित्रात बादशहा भाल्यावर खोवलेल्या अंबराच्या शिरावर बाण सोडतो. पण ते शिर मोगलांच्या हाती कधीच लागले नाही आणि चित्राचा पोकळपणा आपोआप उघडा पडतो. उलट बादशहाच्याच पदरी असलेल्या मुतमदखानाने १६२६ मध्ये अंबर वारल्यावर त्याचा मुक्तकंठाने गौरव केला.

खरा संकोच झाला तो स्तुतीने. शिवाजी महाराजांचा पूर्वसूरी म्हणून त्याला एकदा कोनाड्यात बसविले की रोशनगावचा १६१६ चा पराभव अडचणीचा होतो. त्या लढाईपूर्वी काही हबशी व मराठे सरदार फुटून मोगलांस मिळाले होते; नंतर मोगलांनी खडकी उद्ध्वस्त केली. १६२४ मध्ये भातवडीस विजय मिळाला, पण त्यानंतर लवकरच शहाजीराजेही आदिलशाहीत गेले. दख्खनच्या अभेद्य एकजुटीचे चित्र येथे टिकत नाही. गुलाम म्हणून विकला गेलेला, स्वतःचे कुळ नसलेला हा पुरुष सुलतानाच्या नावाने कारभार करी. सरदारांची निष्ठा त्याला दर मोहिमेत नव्याने मिळवावी लागे. त्याची थोरवी ह्या अस्थैर्यात आहे, आणि गौरवपर लेखनातून नेमकी तीच गळते.

नहरीचेही तसेच. पाणचक्की अंबराचीच, असे शहरात सर्रास सांगतात. वस्तुतः ती बाबाशाह मुसाफिरांच्या दर्ग्याशी निगडित असून अंबरानंतर कितीतरी दशकांनी झाली. (मोठ्या नावाखाली लहान नावे अशीच बुडतात.)

जमीनधाऱ्याच्या बाबतीत हा गोंधळ अधिक गंभीर आहे. 'मलिकंबरी' हा शब्द गावोगावच्या जुन्या कागदांत येतो आणि पेशवाईनंतर इंग्रज अधिकाऱ्यांनीही त्याचा शोध घेतला. परंतु त्या शब्दाने प्रत्यक्ष अंबराची आकारणी अभिप्रेत आहे, की केवळ 'जुनी व न्याय्य' एवढाच अर्थ, हे प्रत्येक गावाच्या कागदावरून स्वतंत्रपणे ठरवावे लागेल.