बेझची रीत आणि विपुल आधारसामग्री

मेट्रोपोलिसप्रभृतींनी १९५३ साली भौतिकीतील गणनेसाठी योजिलेली शृंखला-रीत गेलफँड व स्मिथ यांच्या १९९० च्या निबंधानंतर बेझप्रणीत अनुमानाची मुख्य आधार बनली, हे सर्वश्रुत आहे. तीत सामान्यतः प्रत्येक पावलाला सगळी आधारसामग्री वाचावी लागते. निरीक्षणे कोटींच्या घरात गेली की पाऊलच उचलत नाही.

वेलिंग व तेह यांनी २०११ मध्ये तोड सुचविली: प्रत्येक वेळी मूठभर निरीक्षणे घ्यावीत, त्यांवरून उताराचा अंदाज करावा, त्यात यादृच्छिक धक्का मिसळावा आणि पावले क्रमशः आखूड करीत जावे. कल्पना देखणी खरी. परंतु व्यवहारात तेवढा धीर फारसा कोणास राहत नाही. पाऊल स्थिर ठेवताच उपनमुन्याची चंचलता उत्तरात शिरते. ब्रॉस, दुर्मुस व मूलिन यांनी २०१८ मध्ये दाखविले की, पाऊल निरीक्षणसंख्येच्या व्यस्त प्रमाणात ठेवल्यास ही शृंखला इष्ट वितरणापासून पुष्कळ दूर राहते व निव्वळ उतार-शोधासारखी वागते. आमच्या मते हा दोष किरकोळ नव्हे. मध्य सापडला आणि विस्तार चुकला, तर बेझची रीत स्वीकारून मिळविले काय? मध्य तर महत्तम शक्यतेच्या जुन्या रीतीनेही मिळत होता!

बिएर्केन्स, फर्नहेड व रॉबर्ट्स यांची २०१९ मधील नागमोडी प्रक्रिया उपनमुना घेऊनही इष्ट वितरणाशी इमान राखते. मात्र तिला उताराची कमाल मर्यादा आधी ठाऊक असावी लागते, आणि गुंतागुंतीच्या प्रतिमानांत ती हाती लागणे दुर्घट. तोवर प्रबंधकर्त्यांनी वेगाच्या आकड्यांशेजारी, अल्प सामग्रीवर पूर्ण गणना करून, प्रचरणाची तुलनाही द्यावी.