हौशी भूतशोधक आणि मराठी कथाविश्व : समर्थ, खंडोजी आणि भानामती

इंग्रजी वाचकवर्गात स्थिरावलेला एक कथाप्रकार असा : लहानशा गावात एक हौशी भूतशोधक असतो, त्याच्याकडे एखाद्या झपाटलेल्या घराचे प्रकरण येते आणि अखेरच्या प्रकरणात सर्वांसमक्ष उलगडा होतो. रक्तपात दूर ठेवलेला असतो. चहा, शेजारपाजार आणि विनोद जवळ असतात. विल्यम होप हॉजसन यांचा कार्नाकी (१९१०) हा या प्रकाराचा पूर्वज म्हणता येईल, जरी त्याच्या कथा हलक्याफुलक्या नाहीत. त्याच्या काही प्रकरणांत भूत खरे निघते, काहींत माणसाची लबाडी. यांपैकी काय निघणार हे आधी कळत नाही, यातच गोडी आहे. मराठीत भूतकथेची परंपरा समृद्ध असूनही असा शोधक तीत अभावानेच आढळतो.

नारायण धारप (१९२५–२००८) यांचे समर्थ शोध घेतात. परंतु ते हौशी नव्हेत, अधिकारी पुरुष आहेत. अमंगल शक्तीचे अस्तित्व त्यांच्या कथाविश्वात गृहीतच असते. प्रश्न उरतो तो निवारणाचा. वाचक भयभीत होतो, तर्क लढवीत नाही. दुसऱ्या टोकाला द. मा. मिरासदारांच्या लेखणीतून उतरलेला 'एक डाव भुताचा' (१९८२) हा चित्रपट आहे. मिरासदार १९९८ च्या परळी वैजनाथ येथील साहित्य संमेलनाचे अध्यक्ष होते, त्यामुळे मराठवाड्याला ते परके नाहीत. दिलीप प्रभावळकरांचा मास्तर आणि अशोक सराफांचा खंडोजी फर्जंद यांच्या जोडीने भुताला भयाकडून मैत्रीकडे आणले, ही मोठीच कामगिरी होय. तथापि तेथेही भूत खरेच आहे. 'झपाटलेला' (१९९३) मध्ये पोलीस तपास आहे खरा, पण तात्या विंचूचा आत्मा बाहुल्यात शिरताना प्रेक्षकाने पाहिलेला असतो. मग रहस्य कसले?

खरा हौशी भूतशोधक महाराष्ट्राने पाहिला तो कथेबाहेर, भानामतीच्या प्रकरणांत. धाराशिवसह मराठवाड्यात हा शब्द अद्याप ओळखीचा आहे. घरावर दगड पडणे, कपडे आपोआप पेटणे, अन्नात घाण आढळणे, स्त्रियांनी भुंकणे, असे प्रकार या नावाखाली सांगितले जातात. अंधश्रद्धा निर्मूलनाच्या कार्यकर्त्यांची शोधरीती डॉ. नरेंद्र दाभोलकर (१९४५–२०१३) यांच्या लेखनातून परिचित आहे : घटना केव्हा आणि कोणाच्या उपस्थितीत घडतात हे तपासायचे, घरातील प्रत्येकाशी स्वतंत्रपणे बोलायचे. संशयितांचे वर्तुळ चार भिंतींतले. रहस्यकथेला याहून सोयीची मांडणी कोणती? ती व्यक्ती बहुधा घरातलीच निघते. अनेकदा ती कोंडमाऱ्याने पिचलेली सून किंवा किशोरवयीन मुलगी असते. तिच्याशी एकांतात बोलणे होते, प्रकार थांबतात, आणि तिचे नाव जाहीर केले जात नाही.

येथेच परदेशी साचा अडतो. त्याला अखेरीस बोट दाखवायचे असते. येथील शोधकाचे यश बोट न दाखवण्यात आहे. गावाला नाव कळले तर भूत जाईल, पण त्या मुलीचे काय होईल, याची कल्पना ग्रामीण महाराष्ट्र जाणणाऱ्यास सहज यावी. जादूटोणाविरोधी कायद्याच्या (२०१३) अनुसूचीतील पहिलीच बाब भूत उतरवण्याच्या बहाण्याने बांधून मारहाण करणे, मिरचीची धुरी देणे अशा कृत्यांची आहे. अशा भूमीत भूतशोधाची कथा हलकीफुलकी करणे म्हणजे पीडितेवर हसणे, असा आक्षेप घेतला जातो. तो निम्माच खरा आहे. हसू कोणावर, हे लेखकाच्या हाती असते. मांत्रिकाची वाढत जाणारी यादी, दगड पडण्याची वाट पाहत ओट्यावर जमलेले बघे, प्रत्येक शेजाऱ्याचा स्वतंत्र सिद्धान्त, ही सामग्री मिरासदारी परंपरेला परकी नाही.

अवघड आहे ते अखेरचे प्रकरण. वाचकाला उलगडा हवा आणि गावाला तो मिळता कामा नये. म्हणजे वाचकाला शोधकाच्या गुपितात सामील करून घ्यावे लागेल. चावडीवर जमलेली मंडळी नाव विचारीत राहतील, शोधक चहाचा कप खाली ठेवून एसटीची वेळ विचारील, आणि सून आतून रिकामे कप न्यायला येईल.