आश्रय आणि आश्रम : दोन भगिनींची आत्मकथने

विधवांसाठी निघालेल्या संस्थांविषयीच्या मराठी लेखनात एक ठरीव वाक्य वारंवार भेटते : संस्थेने तिला आश्रय दिला आणि तिचा उद्धार झाला. या वाक्यात ती चतुर्थीत किंवा षष्ठीत उरते. प्रथमेत येत नाही. पार्वतीबाई आठवले यांची ‘माझी कहाणी’ (१९२८) आणि त्यांच्या भगिनी आनंदीबाई ऊर्फ बाया कर्वे यांचे ‘माझे पुराण’ (१९४४) ही आत्मकथने तिला प्रथमेत आणतात. त्यांचे वाङ्मयीन महत्त्व येथेच आहे.

पूर्वाश्रमीच्या गोदूबाईंना बालपणीच वैधव्य आले. पंडिता रमाबाईंनी १८८९ साली मुंबईत शारदा सदन स्थापिले, तेव्हा त्या तेथील पहिल्या विधवा विद्यार्थिनी झाल्या. १८९३ साली धोंडो केशव कर्वे यांच्याशी त्यांचा पुनर्विवाह झाला. पार्वतीबाईंनी मात्र पुनर्विवाह केला नाही. पदरी मूल असताना वैधव्य आलेल्या या भगिनी कर्वे यांच्या अनाथ बालिकाश्रमात शिकल्या, पुढे त्याच संस्थेसाठी वर्गणी मागत हिंडल्या, आणि १९१८ साली अमेरिकेस जाऊन तेथे घरकाम करून राहिल्या.

‘आश्रय’ हा शब्द ‘श्रि’ धातूपासून, तर ‘आश्रम’ हा ‘श्रम्’ धातूपासून आला आहे. पहिल्यात टेकणे आहे, दुसऱ्यात कष्टणे. या दोन जीवनांची वाट पहिल्या शब्दाकडून दुसऱ्याकडे गेलेली दिसते. छप्पर मिळाल्याने ती घडली नाहीत. शिक्षणाने आणि अंगावर घेतलेल्या कामाने घडली.

शीर्षकेही विचारार्ह आहेत. ‘पुराण’ म्हणजे बोलभाषेत लांबत जाणारे, ऐकणाऱ्यास कंटाळविणारे बोलणे. ‘कहाणी’ म्हणजे व्रताच्या दिवशी सुवासिनींनी ऐकावयाची कथा. व्रतवैकल्यांतून वगळलेल्या विधवेने त्याच शब्दांस ‘माझे’, ‘माझी’ जोडावे, यातील उपरोध अजाणता आला असला तरी अर्थपूर्ण आहे.

तथापि दोन्ही ग्रंथ सारख्या तोलाचे नाहीत. ‘माझी कहाणी’त संस्थेच्या प्रचारकाची शिस्त आहे, अनुभव पुष्कळदा उपदेशात विरतो. ‘माझे पुराण’ अधिक मोकळे, भांडखोर आणि म्हणून अधिक सत्य आहे. पतीने संस्थेसाठी सर्वस्व वाहिले, त्याची किंमत घरात कोणी मोजली, हे बाया लपवीत नाहीत. कृतज्ञता आणि तक्रार त्यांच्या गद्यात शेजारी नांदतात. उपकृताने केवळ कृतज्ञच असावे, ही अपेक्षा त्या मानीत नाहीत.

या आश्रयाची मर्यादाही नोंदविली पाहिजे. तो प्राधान्याने उच्चवर्णीय विधवांपुरता होता. कोल्हापुरात शाहू महाराजांनी १९०१ पासून नाना जातींच्या विद्यार्थ्यांसाठी वसतिगृहांना पाठबळ दिले. १९०८ साली अस्पृश्य विद्यार्थ्यांसाठी मिस क्लार्क वसतिगृह निघाले. ‘वसतिगृहा’त ‘वस्’ धातू आहे. तेथे राहणारा केवळ रहिवासी असतो. त्याच्या दुर्दैवाची नोंद दारावर नसते. ‘अनाथ बालिकाश्रम’ या नावात ती होती. हिंगण्याच्या संस्थेने पुढे नाव बदलताना ‘अनाथ’ हा शब्द गाळला, हे या दृष्टीने उचितच झाले.

आजच्या निवारागृहांतील तरुण मुलामुलींविषयी आपण अजूनही ‘पुनर्वसन केले’ असेच लिहितो. त्या वाक्याचा कर्ता कोण, हा प्रश्न या दोन भगिनींनी आपल्यापुढे ठेवला आहे. संशोधकाने आपली टिपणे लिहिताना तो प्रथम स्वतःस विचारावा.