विशालकोनी भिंग आणि सान्निध्याचा प्रश्न

छायाचित्रण ही कला कीं केवळ यांत्रिक कसब, हा वाद आतां जुना झाला. तो पुन्हां उकरून काढण्याचा आमचा हेतु नाहीं. परंतु ज्या साधनावर ही कला चालते त्याच्या स्वभावाची चर्चा व्हावी तितकी होत नाहीं, असें आम्हांस वाटतें. म्हणून ज्यास छायाचित्रकार 'वाइड अँगल' म्हणतात त्या विशालकोनी भिंगाविषयीं चार शब्द लिहिण्याचें योजिलें आहे. हें भिंग आज केवळ तज्ज्ञांचें राहिलेलें नाहीं. खिशांतल्या मोबाइलचा मुख्य कॅमेराच बहुधा विशालकोनी असतो. लग्नाच्या समूहचित्रांत कडेला उभी असलेली मंडळी आडवी फुगलेली दिसतात, त्याचें कारण हेंच. ज्या नजरेनें आपण सारे रोज जग टिपतों, तिची परीक्षा करणें अप्रस्तुत ठरूं नये.

सर्वसाधारण समजूत अशी कीं, या भिंगांत अधिक मावतें, आणि अधिक मावतें म्हणून चित्र अधिक भव्य होतें. यांतील पहिलें विधान खरें आहे. दुसरें त्यावरून निघत नाहीं. ३६ × २४ मिलिमीटरच्या फिल्मवर ५० मिलिमीटरचें भिंग कर्णरेषेंत सुमारें ४७ अंशांचा प्रदेश पाहतें, तर २४ मिलिमीटरचें सुमारें ८४ अंशांचा. पण चौकट तेवढीच राहत असल्यामुळें त्यांतील प्रत्येक वस्तु त्या मानानें लहान होते. तिला पूर्वीचा आकार द्यावयाचा, तर छायाचित्रकारास अंतर जवळजवळ निम्म्यावर आणावें लागतें. तो पुढें सरकला कीं जवळची वस्तु मोठी होते व मागची दूर पळते. वस्तूंचें परस्पर प्रमाण भिंगावर नव्हे, तर उभें राहण्याच्या जागेवर ठरतें. म्हणून आमचें म्हणणें असें कीं, हें भिंग विस्ताराचें साधन नसून सान्निध्याचें साधन आहे. आणि सान्निध्य म्हटलें कीं त्याबरोबर जबाबदारी आलीच.

निसर्गदृश्यांपासून आरंभ करूं. हरिश्चंद्रगडाच्या कोंकणकड्याची अर्धवर्तुळाकार कपार एका चौकटींत बसवावी म्हणून हें भिंग लावितात. कडा बसतो खरा, परंतु छाती दडपविणारी त्याची खोली हरपते. वर रिकामें आभाळ आणि खालीं एक वांकडी रेघ, एवढेंच हातीं येतें. भव्यता दाखविण्यास मोजमाप लागतें, आणि तें जवळच्या वस्तूनेंच मिळतें : हातभर अंतरावरचा खडक, गवताचा झुबका, कड्याच्या अलीकडे बसलेला एखादा माणूस. कासच्या पठारावर फुलांच्या दिवसांत कॅमेरा जमिनीलगत नेऊन घेतलेलीं चांगलीं चित्रें याच युक्तीचीं होत. पण तेथें जवळ जाण्यासाठीं रोपें तुडविलीं गेलीं असतील, तर त्या चित्राचें सौंदर्य कोणाच्या जिवावर उभें आहे, हा प्रश्न टीकाकारानें विचारलाच पाहिजे.

वन्यजीवांच्या बाबतींत हाच प्रश्न अधिक तीव्र होतो. दूरचें टिपणारें लांब भिंग प्राण्यास त्याच्या मुलखांतून कापून काढतें. मागें उरतो तो हिरवट धुरळा. विशालकोनी भिंग त्याचें घर दाखवितें, पण त्यासाठीं कॅमेरा त्याच्या दाराशीं न्यावा लागतो. घरट्याशीं तोंड खुपसून घेतलेलें पक्ष्याचें चित्र कितीहि रेखीव असो, त्यांत पक्ष्याची भीतीच चित्रित झालेली असते. यावरील एक उत्तर असें कीं, यंत्र तेथें ठेवावें व माणसानें दूर व्हावें. लंडनच्या नॅचरल हिस्टरी म्यूझियमच्या वन्यजीव छायाचित्रस्पर्धेंत २०१६ सालीं नयन खानोलकर यांच्या ज्या चित्रास शहरी विभागाचें पारितोषिक मिळालें, तें असेंच आपोआप टिपणाऱ्या कॅमेऱ्यानें घेतलेलें आहे. मुंबईच्या आरे वसाहतींतील पाड्याची अरुंद गल्ली, घरांच्या भिंती, आणि त्यांमधून जाणारा बिबळ्या. बिबळ्यानें चौकट व्यापलेली नाहीं, हाच या चित्राचा मोठा गुण. माणूस व श्वापद एकाच वाटेनें ये-जा करतात, हा त्याचा विषय आहे; आणि तो गल्ली दाखविल्यावांचून सांगतांच आला नसता.

नित्याच्या जीवनांतील दृश्यें ही तिसरी कसोटी. रघुवीर सिंह (१९४२–१९९९) यांचीं रंगीत चित्रें येथें आठवतात. मुंबईवरील त्यांचा ग्रंथ १९९४ सालचा. त्यांच्या चौकटींत एकच नायक क्वचित् असतो. पुढें कोणाचा खांदा, बाजूस काचेंतील प्रतिबिंब, मागें वाहता रस्ता, अशीं अनेक केंद्रें एकत्र नांदतात. आपल्या लघुचित्रांत दरबार, बाग व अंतःपुर एकाच पानावर सुखानें राहतात, त्याच कुळांतील ही रचना होय. अशी चौकट दुरून मिळत नाहीं. गर्दींत, माणसांना दिसेल असें उभें राहावें लागतें. तरीहि एक पळवाट उरतेच. या भिंगाच्या कडेला उभ्या असलेल्या माणसास आपण चित्रांत आहों याची कल्पनाहि नसते. जवळ उभें राहून चोरी करणें हें दुरून करण्यापेक्षां अधिक प्रामाणिक आहे, असें आम्ही म्हणणार नाहीं.

कोणी म्हणेल, कडेचा ताण व रेषांची ओढ हीच नवी कला आहे. बिल ब्रँट यांनीं १९६१ सालच्या आपल्या नग्नाकृतींच्या ग्रंथांत जुन्या लाकडी कॅमेऱ्याच्या विशालकोनी भिंगानें मानवी देहाचे विलक्षण आकार निर्माण केले, हें खरें. पण तेथें देहाचा बदललेला आकार हाच विषय आहे. तो भिंगाचा अपघात नव्हे. ज्या चित्रांत वांकलेली इमारत केवळ भिंग तसें होतें म्हणून वांकली आहे, त्यास प्रयोग म्हणणें म्हणजे शाईच्या डागास अलंकार म्हणण्यासारखें आहे.

तेव्हां चित्रप्रदर्शनें पाहणाऱ्या आमच्या वाचकांस एवढीच विनंति कीं, असें चित्र समोर आलें असतां त्यांत किती मावलें आहे हें मोजीत बसूं नये. छायाचित्रकार कोठें उभा होता, तेथें उभें राहण्याचा त्यास अधिकार होता काय, आणि तेथून त्यास असें काय दिसलें जें दुरून दिसलें नसतें, हे तीन प्रश्न विचारावे. ज्या चित्रास त्यांचीं उत्तरें देतां येतात, त्याची चौकट अरुंद असली तरी चालेल.