सहा हजार पटींचा हिशेब

‘सूक्ष्म शैवालातील अ‍ॅस्टाझॅन्थिन, क जीवनसत्त्वाच्या ६००० पट प्रभावी’ असे लिहिलेली तांबूस सीरमची बाटली तुम्ही दुकानात हातात घेऊन पाहिली असेल. किंमत द्यायच्या आधी हे ६००० कुठून आले ते पाहू.

हीमॅटोकॉकस हे गोड्या पाण्यातले एकपेशीय हिरवे शैवाल. ऊन कडक झाले, अन्न तुटपुंजे झाले की ते लाल होते. तो लाल रंग म्हणजे अ‍ॅस्टाझॅन्थिन. साल्मन माशाचा रंगही त्याचाच. शैवालाला त्या रंगाचा छत्रीसारखा आसरा मिळतो. हवाई बेटांवर कोना इथे उघड्या तलावांत त्याची शेती होते. इथवर सगळे खरे आहे.

६००० चा आकडा मात्र प्रयोगशाळेतला आहे. सिंग्लेट ऑक्सिजन हा उपद्रवी रेणू शमवण्याची ताकद द्रावणात मोजली, तेव्हा तो आला. माणसाच्या कातडीवर तो कुणी मोजलेला नाही.

माणसांवरचे अभ्यास आहेत, पण लहान. जपानमधल्या, २०१२ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात ३० स्त्रियांनी आठ आठवडे रोज ६ मिलिग्रॅम अ‍ॅस्टाझॅन्थिन पोटात घेतले आणि चेहऱ्यालाही लावले. सुरकुत्या व डाग कमी दिसले. पण तुलनेला दुसरा गट नव्हता, त्यामुळे गुण गोळीचा की लेपाचा, हे कळायला मार्ग नाही. त्याच लेखातल्या ३६ पुरुषांच्या अभ्यासात तुलनेचा गट होता, पण तिथे नुसती गोळी होती. आणि तुमच्या हातात आहे सीरम!

तेव्हा बाटली उलटी करून घटकांची यादी वाचा. अमेरिकेत घटक उतरत्या प्रमाणाने लिहावे लागतात, मात्र एक टक्क्याच्या आतले कुठल्याही क्रमाने चालतात. म्हणजे ठळक अक्षरांतले शैवाल आत चिमूटभरही असू शकते. शिवाय हे द्रव्य उजेडाने आणि हवेने बिघडते. पारदर्शक बाटलीत ते विकणाऱ्याला शैवालापेक्षा रंगाची जास्त काळजी आहे, असे समजा.

आपल्या सावळ्या-गव्हाळ कातडीवर डाग लवकर उमटतात आणि रेंगाळतात. त्यावर पहिला उपाय साधे सनस्क्रीन. ते रोज, पुरेसे लावून पैसे उरले, तर शैवालाची हौस खुशाल करा. सनस्क्रीनच्या जागी मात्र ते लावू नका.