टक्का उतरला, माणसं वाढली

मागच्या व्याख्यानानंतर एका श्रोत्यांनी विचारलं, ‘सर, आपल्या तुरुंगांतल्या कच्च्या कैद्यांचं प्रमाण आता उतरतंय ना?’ उतरलं होतं, खरं आहे. राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाच्या वार्षिक तुरुंग अहवालात ते २०२१ साली ७७.१ टक्के होतं, २०२२ साली ७५.८ झालं. पण शेजारचा रकाना वाचा. कच्चे कैदी ४,२७,१६५ होते, ते ४,३४,३०२ झाले. म्हणजे सात हजारांनी वाढले! मग टक्का का उतरला? शिक्षा झालेले कैदी दहा हजारांहून जास्त वाढले म्हणून. भागाकारातला छेद फुगला, एवढंच. त्यात कुणाची सुटका नाही.

उलटंही घडतं. २०१९ ते २०२० मध्ये हा टक्का ६९ वरून ७६ वर गेला. कच्चे कैदी वाढले होतेच. पण करोनाकाळात शिक्षा झालेल्यांची संख्या १,४४,१२५ वरून १,१२,५८९ वर आली, त्यानेही टक्का वर ढकलला. तेव्हा नुसता टक्का घेऊन आनंदही करू नये आणि आक्रोशही.

मी तत्त्वज्ञानाचा माणूस, माझा खरा आक्षेप मोजण्याच्या पद्धतीवर आहे. ही मोजणी ३१ डिसेंबरची. त्या दिवशी आत कोण, एवढंच ती सांगते. पण २०२१ या एका वर्षात तुरुंगात १८ लाखांहून अधिक प्रवेश झाले, आणि वर्षअखेरीस आत होते साडेपाच लाख. जानेवारीत आत गेलेला, अकरा महिने काढून नोव्हेंबरात जामिनावर सुटलेला मजूर घ्या. त्याचा रोजगार गेला, मुलाची शाळा सुटली असेल. प्रवेशाच्या आकड्यात तो एक आहे. पण ‘किती काळ कोठडीत’ हा तक्ता वर्षअखेरीस आत असलेल्यांचाच, त्यात त्याचे अकरा महिने कुठेच नाहीत. सुटणाऱ्यांना विचारा ना, किती दिवस होतात?

आणि गर्दीबद्दल बोलताना ‘तुरुंग कमी पडतात’ असं आपण सहज म्हणतो. २०२२ ची एकूण क्षमता ४,३६,२६६. कच्चे कैदी ४,३४,३०२. म्हणजे ज्यांचा गुन्हा अजून सिद्ध व्हायचा होता, त्यांनीच २०२२ मध्ये देशातले सगळे तुरुंग जवळजवळ भरले होते. नव्या बराकी बांधायचा प्रस्ताव आला की हे दोन आकडे शेजारी ठेवून बघा, आणि विचारा, त्या बराकी नेमक्या कोणासाठी?