उसन्या शब्दांची प्रार्थना

लान्सलॉट अँड्र्यूज (१५५५–१६२६) यांच्या खाजगी प्रार्थनांचा 'प्रेसेस प्रिव्हाटे' हा संग्रह त्यांच्या मृत्यूनंतर प्रसिद्ध झाला. त्यातील बहुतांश शब्द बायबल व प्राचीन उपासनाविधींतून घेतलेले आहेत. आत्माविष्काराच्या निकषावर तो निव्वळ संकलन ठरेल. निवृत्त वाचकाचा विचार करता मात्र हा निकषच अपुरा वाटू लागतो.

निवृत्तीत वारांमधील भेद पुसट होतो. कामामुळे जोडलेली माणसे दुरावतात. अँड्र्यूज प्रत्येक वाराशी सृष्टिनिर्मितीचा एकेक दिवस जोडतात: पहिल्या दिवशी प्रकाश, सातव्या दिवशी विश्राम. वाराला असा कचेरीबाहेरचा अर्थ लाभतो. इतरांसाठीच्या याचनेत शेतकरी, कोळी, व्यापारी, कारागीर, दरिद्री यांची क्रमवार नोंद येते. एकांतातल्या माणसाला ती पुन्हा लोकव्यवहारात नेते.

अँड्र्यूज स्वतः अखेरपर्यंत विंचेस्टरचे बिशप होते. हे निवृत्ताचे लेखन नव्हे. तरीही ते निवृत्ताचे पोषण करते, ते या रचनेमुळे. स्वतःचे शब्द आटतात तेव्हा अनेकांच्या मुखातून आलेले शब्दच उपयोगी पडतात. म्हणून प्रार्थनेच्या समीक्षेने शब्द कोणाचे, याआधी ते कोणाला उच्चारता येतात, हे तपासावयास हवे.